कुत्री तोलणारी ठकूआक्का

"...आणि मग आक्कानं म्हणं आपल्याच हातानं त्याला विष घातलं, अन् तिथंच त्या खड्ड्यात..."

एवढंच माझ्या कानावर आलं. गिरणीवर शेवंताचा नंबर पुढं होता, माझा मागं. ती शेजारणीच्या कानात सांगत होती. कानात म्हणजे काय, गिरणीच्या खडखडाटात, म्हणजे ओरडूनच. नेमका त्याच वेळी गिरणीवाल्यानं पट्टा काढला, आवाज थांबला, शेवंतानं मागं वळून बघितलं आणि मला पाहताच तिचं तोंड बंद झालं.

"काय गं, कुणी कुणाला विष घातलं?" मी विचारलं.

"कुठं काय वैनी. उंदराचं बोलत हुतो."

"उंदराला आमच्या गावात खड्डा खणून पुरतात होय?"

"तुमी दळण घेऊन आलाय का नुसतं कान घेऊन?" असं म्हणून तिनं डबा उचलला आणि गेली.

आता हिवरतळमध्ये आक्का म्हटलं की ती एकच, ठकूआक्का. आणि खड्डा म्हटला की तोही एकच, बिरोबाच्या देवळामागचा. लहानपणापासून मी आक्काची गोष्ट ऐकत आले, पण तिच्यात विष कुठंच नव्हतं. म्हणून माझं मन काही थाऱ्यावर राहीना. आधी तुम्हाला गोष्ट सांगते, जशी गावात सांगतात तशी. मग पुढचं.

फार फार वर्षांपूर्वी, किती ते कुणालाच सांगता येत नाही, पण गावाला रस्ता नव्हता आणि ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असायचं, त्या काळी हिवरतळ हे मेंढरांचं गाव होतं. घरटी कळप आणि कळपामागं कुत्री. हिवरतळची कुत्री म्हणजे अंगानं भरलेली, कानानं तिखट. असं म्हणतात, आपलं कुत्रं या टेकडीवर भुंकलं की लांडगा त्या टेकडीवरून वाट बदलायचा.

या गावात ठकूआक्का एकटी राहायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. तिचं काम लोकर तोलायचं. मेंढरं कातरली की सगळ्या गावाची लोकर तिच्या दारात यायची. तिच्या ओसरीवर आढ्याला मोठी तागडी टांगलेली असायची, आणि तागडीला पारड्यांच्या जागी घोंगड्याच्या दोन झोळ्या. एका झोळीत दगडाची मापं, दुसऱ्या झोळीत लोकर. असं म्हणतात, आक्काचा हात इतका सरळ होता की सख्खे भाऊ वाटणीवरून भांडायला निघायचे, ते तिच्या ओसरीवर आले की गप्प व्हायचे.

तिच्याजवळ दोन कुत्री होती. एक म्हातारा बोळ्या. त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता म्हणून बोळ्या. दुसरी हरणी, तरणी, वाऱ्यासारखी पळणारी.

मग एक वर्ष असं आलं की गावातली कुत्री खंगायला लागली. बरगड्या वर आल्या, पोटं मात्र फुगलेली. केस राठ झाले. बसता बसता ढुंगण जमिनीला घासत पुढं सरकायची, आणि उठली की मागं काकडीच्या बियांसारखं पांढरं काहीतरी पडलेलं दिसायचं. नीट बघितलं तर ते वळवळायचं. पिलं तर नगाऱ्यासारखी पोटं घेऊन जन्माला आल्यासारखी दिसायची आणि पंधरवडा जगायची नाहीत.

त्याच वर्षी मेंढरांनाही काहीतरी झालं. चांगलं चरणारं मेंढरू मान वाकडी करायचं आणि एकाच जागी गरगर फिरायला लागायचं. फिरता फिरता पडायचं, ते उठायचं नाही.

गावाचा कारभारी रायाप्पा. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की ओरडायचा. त्यानं हिवराच्या झाडाखाली गाव बोलावलं.

"कुत्र्यांवर देवाची खप्पामर्जी झालीया," तो म्हणाला. "त्यांची दृष्ट मेंढरांना लागतीया. मेंढरं गेली तर आपण काय खायचं? कुत्री मारावी लागत्याल. भाकरीत काजरा घालून."

काजऱ्याच्या बिया म्हणजे जहर. माणसं खाली बघायला लागली. ज्याच्या त्याच्या पायाशी त्याचं कुत्रं बसलेलं होतं. एकजण म्हणाला, "कारभारी, पर जत्रा तोंडावर हाय. कुत्र्यांचा वाटा दिल्याबिगर त्यांना मारायचं कसं?"

हा वाटा काय, ते नव्या माणसाला सांगायला पाहिजे. बिरोबाच्या जत्रेला बकरं कापलं की पहिला मान देवाचा, दुसरा माणसांचा आणि तिसरा कुत्र्यांचा. कळप राखतात ती कुत्रीच, म्हणून ती देवाची वाटेकरी. त्यांचा वाटा म्हणजे आतडी, फुप्फुस, काळजाचा डागाळलेला तुकडा, पाण्याचे फोड आलेलं जे काही निघेल ते. कापल्या जागी, ऊन ऊन, कच्चंच त्यांच्यापुढं टाकायचं. जत्रेलाच नाही, एरवीही घरात मेंढरू कापलं की तसंच. आजारानं मेलेलं मेंढरू तर अख्खं कुत्र्यांनाच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट कुत्र्यांचा वाटा चुकवला तर पाप, असंच सगळे मानायचे.

तर ठरलं असं की जत्रा होऊ द्यायची, वाटा द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी काजरा.

तेव्हा ठकूआक्का उठली. म्हणाली, "कारभारी, जत्रेपतुर कुत्री बरी झाली तर?"

"आक्का, तू आपली लोकर तोल. कुत्र्याची नाडी तुला कवापासनं कळाय लागली?"

लोक हसले. आक्काही हसली. म्हणाली, "नाडी न्हाई कळत रं बाबा. पर वजन कळतंय."

रायाप्पानं हात झटकला. "बरं. जत्रेला मी माझ्या डोळ्यानं बघंन. बरी दिसली तर ऱ्हातील. न्हाई दिसली तर तूच भाकऱ्या थापायच्या."

आक्का घरी आली. तिच्या पायाशी हरणी झोपली होती, पोटाशी पिलं घेऊन. आता काय करावं ते तिला सुचेना. मग तिनं जे येत होतं तेच केलं. हरणीला उचललं आणि झोळीत घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. बोळ्यालाही घातलं. आणि तिच्या ध्यानात आलं की हरणी दिवसभर मिळेल ते खाते आणि हलकी होत जाते. बोळ्या घासभर खातो आणि आहे तेवढाच राहतो, अंगावर तुकतुकी, डोळ्यांत पाणी नाही, मागं बिया नाहीत.

"खाल्लेलं जातंय कुठं?" आक्का हरणीला म्हणाली. "तुझ्या आत दुसरं कुणीतरी जेवतंय गं बाई."

मग ती विचार करत बसली की दोघांत फरक काय. घर एकच, पाणी एकच, ओसरी एकच. फरक एवढाच की बोळ्याला दात नव्हते. त्याला कच्चं चावायचं नाही, म्हणून त्याचा वाटा आक्का चुलीवर मऊ शिजवून द्यायची. त्याच्यावरून बायका तिची थट्टा करायच्या, "आक्का, जावयाला काय शिजवलंयस आज?" म्हणून.

आता कळलं ते कळलं. पण आत बसलेल्या पाहुण्यांना बाहेर काढायचं कसं? लेकरांच्या जंतांवर गावात पळसपापडी आणि वावडिंग द्यायचे, तेच आक्कानं करायचं ठरवलं. असं म्हणतात, ती टेकडीवर गेली तेव्हा वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं. तरी तिनं पदर पसरला आणि पळसानं आपल्या पापड्या तिच्या ओटीत टाकल्या. एका झाडानं टाकल्या, मग शेजारच्यानं, मग सगळ्या माळानं. ओटी भरली तेव्हाच झाडं थांबली.

तिनं औषध वाटलं, भाकरीच्या घासात लपवलं आणि हरणीला दिलं. हरणी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन पडली, डोळे मिटले. शेजारणी म्हणाल्या, "काजऱ्याची वाट बघायची बी गरज न्हाई, आक्कानंच उरकलं." आक्का तिच्याजवळून हलली नाही. ऊन डोक्यावर आलं आणि हरणी उठली. परसात गेली. आणि तिच्या पोटातून जे पडलं ते बघून बायकांनी तोंडाला पदर लावला. सुतळीचा गुंता असावा तसं ते होतं.

आक्कानं ते तिथं ठेवलं नाही. कोंबड्यांनी पसरायला नको, पोरांच्या पायाखाली यायला नको. देवळामागं कंबरभर खड्डा घेतला, त्यात टाकलं, वर चुना, वर माती. मग राखेनं कोपरापर्यंत हात धुतले. असं म्हणतात, माती पडली तेव्हा खड्ड्यातून तव्यावर पाणी पडावं तसा आवाज आला आणि जमीन एकदा धसून घट्ट झाली.

पुढचं तर लहान पोरांनाही पाठ आहे. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी आक्कानं दार उघडलं तर ओसरीपासून ओढ्यापर्यंत कुत्र्यांची रांग. न बोलावता आलेली. नुसती हिवरतळची नाही, बारा वाड्यांची. काळी, पांढरी, कानतुटकी, लंगडी. एकही भुंकत नव्हतं, एकही दुसऱ्याच्या पुढं घुसत नव्हतं. एकेक कुत्रं पुढं यायचं, आपलं आपण झोळीत चढून बसायचं. आक्का तोलायची, वजनाप्रमाणं औषध द्यायची, ते उतरायचं, पुढचं चढायचं.

पण आक्काला एक भीती होतीच. औषधानं पोट साफ झालं तरी जत्रेला पुन्हा तोच कच्चा वाटा पुढं पडणार. वाटा बंद करा म्हणावं तर गाव उठेल, कारण तो देवानं दिलेला.

जत्रेचा दिवस आला. बकरी कापली. कापणाऱ्यांनी वाटा काढून ठेवला. तेवढ्यात आक्का आली, तिनं चूल मांडली आणि आपली मोठी काहील वर चढवली.

"हे काय मांडलंस?" रायाप्पानं विचारलं.

"कुत्र्यांचा वाटा शिजवतीया."

"आजपतुर कुणी शिजवला न्हाई. कच्चाच द्यायचा. रीत हाय."

"कारभारी, देवाचा निवद कच्चा दावतोस का?"

"न्हाई."

"तुझं ताट?"

"माझं कशाला कच्चं?"

"मग तिघं वाटेकरी, दोघांना शिजवून अन् तिसऱ्याला कच्चं, हा कसला मान?"

रायाप्पा घाबरला की ओरडायचा, तसा ओरडला, "कुत्र्याला काय कळतंय शिजल्यालं अन् कच्चं!" आणि त्यानं रक्ताळलेलं काळीज उचलून सगळ्या कुत्र्यांच्या मधोमध फेकलं.

असं म्हणतात, एकही कुत्रं हललं नाही. माशी बसली तरी हललं नाही. हरणीनं त्या काळजाकडं बघितलं, मग काहिलीकडं बघितलं आणि काहिलीकडं तोंड करून पुढचे पाय पसरून बसली. तिच्यामागं सगळी बसली. काहिलीला उकळी फुटेपर्यंत सारा गाव आणि सारी कुत्री वाट बघत होती. मग आक्कानं पाण्याचे फोड आलेलं तेवढं काढून खड्ड्यात पुरलं, बाकीचं शिजलेलं निववून वाढलं, तेव्हा कुत्री उठली आणि जेवली.

रायाप्पानं जवळ जाऊन एकेक कुत्रं बघितलं. बरगड्या झाकल्या होत्या, अंगावर हात फिरवला तर हात घसरत होता. त्याच्याच घरचं कुत्रं त्याचा हात चाटायला आलं. त्यानं कनवटीची काजऱ्याची पुरचुंडी काढली आणि आक्काच्या खड्ड्यात टाकली.

त्यानंतर हिवरतळमध्ये कच्चा वाटा कुणी दिला नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि मेंढरांचं गरगर फिरणं कमी होत होत थांबलं. कुत्र्यांनी मेंढरं कशी बरी केली, ते आक्कालाही ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणायची, "राखणदार बरा, तर कळप बरा."

आक्का पुष्कळ जगली. गेली तेव्हा खांदा देणारे म्हणाले, खांद्यावर आक्का आहे का लोकर तेच कळेना. असं म्हणतात, तिनं आपलं सगळं वजन कुत्र्यांना वाटून टाकलं होतं.

ही झाली गावाची गोष्ट. आता आम्ही काय करतो ते सांगते.

अजूनही जत्रेच्या आदल्या दिवशी देवळासमोर आक्काची तागडी टांगतात. तागडी आता लोखंडी आहे, झोळी मात्र घोंगड्याचीच. गावातलं प्रत्येक कुत्रं त्यात घालून तोलतात. पाळलेलं, भटकं, सगळं. पळसपापडी आता कुणी देत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येतात, जंताच्या गोळ्या आणतात. त्या सांगतात की एकदा देऊन भागत नाही, म्हणून वर्षाच्या मधेही त्या ठरवून येतात, आणि पिलांना तर लहानपणी वरचेवर गोळी लागते. गोळी भाकरीच्या घासात घालून द्यायची, त्या घासाला 'आक्काचा घास' म्हणायचं. पाण्याचे फोड आलेलं आजही खड्ड्यात जातं, वर चुना. त्या फोडांतूनच जंत कुत्र्याच्या पोटात जातात आणि कुत्र्याच्या विष्ठेतून परत गवतावर, गवतावरून मेंढरात, असं बाईंनी आम्हाला समजावलं. माणसालाही होतं म्हणाल्या. म्हणून आमच्याकडं पोर कुत्र्याशी खेळून ताटावर बसलं की आई ओरडते, "आक्का बघतीया, हात धू!"

आणि एक गोष्ट आहे. पहिलं कुत्रं तोलायच्या आधी झोळी रिकामीच टांगतात. सगळे उभे राहतात. कुणी बोलत नाही. मग पहिलं कुत्रं येतं. का, म्हणून विचारलं तर गडीमाणसं सांगतात, तागडी सरळ आहे का ते बघायचं असतं.

आता शेवंताचं विष.

मी दळण घरात ठेवलं आणि थेट कोंडाबाई गुरवीण गाठली. देवळाची पूजा पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरात. म्हातारी उन्हात पाय पसरून बसली होती.

"कोंडाआजी, आक्कानं कुणाला विष घातलं हो?"

"आली का तू वास काढत?" कोंडाबाई हसली. "शेवंता बोलली असंल. तिला मीच सांगितलं. तिनं निम्मंच ऐकलं अन् पळाली."

"मग मला अख्खं सांगा."

म्हातारीनं पाय आखडून घेतले. मग म्हणाली, "हरणीला पिलं हुती, ठावं हाय न्हवं? त्यातलं धाकटं ओंजळीत मावंल येवढं. पोट नुसता फुगा. हरणी बरी झाली म्हणून आक्काला कोण आनंद झाला. तिनं हरणीला जेवढं दिलं हुतं, मूठ भरून, तेवढंच त्या पिल्लाला दिलं. तिला वाटलं, आजार एक तर औषध बी एक. त्याला सोसलं न्हाई बाई. आक्काच्या मांडीवरच गेलं."

"आणि खड्डा?"

"खड्ड्यात मग तेबी ठेवलं तिनं. माझ्या आजेसासूच्या सासूनं बघितलं. आक्का रडली न्हाई. घरी आली, तागडीपाशी बसली. म्हणाली, 'आगं, आयुष्यभर लोकर तोलली, मूठभर कुणाला अंदाजानं दिली न्हाई. अन् जिवालाच अंदाजानं दिलं.' दुसऱ्या दिशी रांग लागली, तवापासनं तिनं तोलल्याबिगर एका कुत्र्याला घास दिला न्हाई."

मी तिच्याजवळ खाली बसले. मग विचारलं, "आणि रिकामी झोळी?"

"तागडी सरळ हाय का बघत्यात म्हणं," कोंडाबाई म्हणाली. "असंल. तागडी बघायलाच लागती. पर आक्का त्या रिकाम्या झोळीला हात लावून उभी ऱ्हायची, आन् मग पयलं कुत्रं घ्यायची. येवढं मला ठावं."

परवा जत्रेच्या आदल्या दिवशी शेवंता रांगेत होती, कडेवर बोटभर शेपटीचं पिल्लू. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मग वैनी, लागला का तपास?" ती हळूच म्हणाली. "घातलं हुतं का न्हाई विष?"

"विष नाही. औषधच होतं," मी म्हटलं. "पण त्यानं एक पिल्लू मेलं, ते खरं. आणि त्या खड्ड्यात आहे, तेही खरं."

शेवंतानं कडेवरचं पिल्लू जरा घट्ट धरलं.

समोर रिकामी झोळी टांगली होती. वाऱ्यानं थोडी हलली, मग थांबली. सगळे उभे होते. मग तागडीपाशी उभ्या बापूनं हाक मारली, "या, पयलं कोण?" आणि शेवंतानं आपलं पिल्लू झोळीत ठेवलं. ते झोळीच्या काठावरून नाक बाहेर काढून सगळ्या गावाकडं बघायला लागलं. बापूनं काटा दोनदा बघून वजन सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी घेतली, मोडली, अर्धी पुन्हा मोडली, आणि एवढासा तुकडा शेवंताच्या तळहातावर ठेवला.